गाडी एका बाजूला ओढते? अलाइनमेंटच्या आधी हे तपासा

सरळ रस्त्यावर स्टिअरिंग जरा सैल धरलं की गाडी डावीकडे किंवा उजवीकडे सरकू लागते. अशा वेळी बहुतेक जण थेट अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घ्यायला जातात. अलाइनमेंटचं यंत्र मात्र फक्त चाकांचे कोन मोजतं. टायरमधली हवा, टायरचा आतला दोष, चिकटलेला ब्रेक, फाटलेलं बुश (सांध्यातला रबरी भाग) यातलं काहीही त्याला दिसत नाही. म्हणून काही शे रुपये खर्चूनही ओढ तशीच राहते आणि लोक दुसऱ्या दुकानात पुन्हा तेच काम करून घेतात. अलाइनमेंट ही या कामातली शेवटची पायरी आहे.

गोव्यात हा क्रम पाळणं जास्तच गरजेचं आहे. किनाऱ्यालगतची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि आतल्या रस्त्यांवरची लाल माती या तिघांमुळे इथल्या गाड्यांचे ब्रेक कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे भाग) आणि स्टिअरिंगचे सांधे लवकर गंजतात. दोष पुष्कळदा तिथेच असतो.

लागणारं सामान: स्वतःचं हवा मोजायचं गेज, जॅक, उचललेली गाडी टेकवायचे दोन ॲक्सल स्टँड, चाकाचा पाना, शक्य असल्यास टॉर्क रिंच (ठरावीक जोराने नट आवळायचा पाना), खडू, मोजपट्टी, तारेचा ब्रश, ब्रेक क्लीनर आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस. लांबून उष्णता मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर मिळाला तर काम सोपं होतं. गाडीची पुस्तिका आणि आधीच्या अलाइनमेंटचे छापील कागद जवळ ठेवा.

1. ओढ नेमकी कधी लागते ते लिहून काढा

गाडी उघडण्याआधी चार प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा. याच उत्तरांवरून पुढे कुठल्या पायरीकडे जायचं ते कळतं.

- सतत ओढते का? मग हवा, टायर, चिकटलेला ब्रेक किंवा चाकाचे कोन.
- फक्त ब्रेक दाबल्यावर ओढते का? मग ब्रेक किंवा लोअर आर्मचं (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचं) बुश.
- फक्त जोरात ॲक्सिलरेटर दिल्यावर ओढते का? पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत दोन्ही ड्राइव्ह शाफ्टची (इंजिनाची ताकद चाकांना देणाऱ्या दांड्यांची) लांबी बहुधा वेगळी असते, त्यामुळे थोडी ओढ स्वाभाविक आहे. ती नव्याने वाढली असेल तर बुश, इंजिनाचे माउंटिंग आणि पुढच्या दोन टायरांच्या नक्षीतला फरक पाहा.
- उजवं वळण घेतल्यावर उजवीकडे आणि डावं घेतल्यावर डावीकडेच ओढत राहते का? मग स्टिअरिंगचा एखादा सांधा किंवा शॉकअब्सॉर्बरच्या वरचं बेअरिंग जड झालं आहे. अलाइनमेंटने हे कधीच सुटणार नाही.

आणखी एक गोष्ट इथेच वेगळी काढा. स्टिअरिंग तिरकं दिसतं, पण त्या तिरक्या स्थितीत सैल सोडल्यावर गाडी सरळच जाते, तर ती ओढ नव्हे. तिथे स्टिअरिंगचा मध्य चुकलेला आहे किंवा मागची चाकं तिरकी चालत आहेत. ओढ म्हणजे गाडी सरळ ठेवायला हाताला सतत जोर लावावा लागणं.

2. रस्ता आणि वारा हिशोबातून वजा करा

पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्त्याला मधून कडेकडे उतार देतात. जास्त पावसाच्या भागात तो 2.5 टक्क्यांपर्यंत असतो. म्हणजे साडेतीन मीटरच्या लेनमध्ये डावी कड उजव्या कडेपेक्षा जवळजवळ 9 सेंटीमीटर खाली असते. आपण डावीकडून गाडी चालवतो, त्यामुळे जातानाही आणि येतानाही हा उतार आपल्याला डावीकडेच ओढतो. हलकी डावी ओढ हा गाडीचा दोष नाही. उलट डाव्या लेनमध्ये, उतार असूनही, गाडी उजवीकडे जात असेल तर दोष नक्की आहे, मग ती ओढ कितीही किरकोळ वाटो.

वाऱ्याचं तसं नाही. दुपारनंतर समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो. राष्ट्रीय महामार्ग 66 वर दक्षिणेकडे जाताना तो गाडीला डावीकडे लोटतो आणि उत्तरेकडे परतताना उजवीकडे. जाता-येता ओढीची बाजू बदलली तर तो वारा समजा. चाचणी सकाळी लवकर घ्या. वाराही पडलेला असतो आणि रहदारीही कमी असते. पणजीचा अटल सेतू, जुवारीचा पूल किंवा नदीकाठचा उघडा रस्ता या कामासाठी घेऊ नका, आणि वळणंही नकोत, कारण वळणावर रस्ता मुद्दाम एका बाजूला कललेला असतो. काणकोणच्या बगलमार्गासारखा सरळ, सपाट पट्टा निवडा, त्यातही पुलांचा भाग सोडून.

वेग ताशी 50 ते 60 किलोमीटर ठेवा. हात स्टिअरिंगपासून दूर करू नका, फक्त पकड ढिली करा. मागेपुढे गाडी नसताना दोन-तीन वेळा पाहा.

3. हवा थंड टायरमध्ये मोजा

निदान तीन तास उभ्या असलेल्या गाडीच्या चारही टायरांतली हवा स्वतःच्या गेजने मोजा. पेट्रोल पंपावर पोहोचेपर्यंत टायर गरम होऊन दाब दोन ते चार पीएसआय वाढलेला असतो, आणि पंपावरच्या काही गेजचे आकडेही चुकतात. किती हवा हवी ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. टायरच्या भिंतीवरचा आकडा ही कमाल मर्यादा आहे, तेवढी भरू नका.

गाडी कमी हवेच्या बाजूला ओढते. पुढच्या दोन टायरांत चार-पाच पीएसआयचा फरक पडला तरी हाताला जाणवतो. हवा सारखी करून तोच रस्ता पुन्हा धरा. ओढ गेली तर काम इथेच संपलं. पण तोच टायर आठवड्याभरात पुन्हा उतरला तर पंक्चर, व्हॉल्व्ह आणि रिमची कड तपासून घ्या. खाऱ्या हवेत रिमची कड गंजते आणि टायर बसतो तिथूनच हवा हळूहळू सुटते.

4. टायर पाहा, मग बदलून पाहा

स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, म्हणजे पुढच्या टायरची आतली कडही दिसेल. फक्त आतली कड झिजली असेल तर कॅम्बर किंवा टो (चाकांचे कोन, पायरी 8 पाहा) बिघडलेला आहे. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी ठेवून गाडी चालली आहे, आणि मधला भाग झिजला असेल तर हवा जास्त होती. नक्षीवरून तळहात आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं टोचलं तर टो चुकलेला आहे. भिंतीवर फुगा दिसला तर पुढची कुठलीही चाचणी न करता तो टायर काढा. तो कधीही फुटू शकतो.

पुढचे दोन्ही टायर एकाच कंपनीचे, एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे असले पाहिजेत. एकच नवा टायर पुढे डावीकडे आणि जुना उजवीकडे, अशी जोडी लावली तर ओढ आपण स्वतःच लावून घेतली म्हणायची. नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरवर आली की टायर बदलायचाच. टायर कधी बनला ते भिंतीवरच्या चार आकड्यांत असतं: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष.

काही टायर बाहेरून निर्दोष दिसतात, पण आतले पोलादी पट्टे जरासे सरकलेले असतात. असा टायर शंकूसारखा एका बाजूला लोळू पाहतो. हे नेहमीच्या यंत्रांवर सहज दिसत नाही, आणि नव्या टायरातही असू शकतं. ओळखायचा खात्रीचा उपाय अदलाबदलीचा आहे. पुढचं डावं चाक उजवीकडे आणि उजवं डावीकडे लावा.

- ओढीची बाजू उलटली: दोष टायरचा.
- ओढ पूर्ण गेली किंवा खूपच कमी झाली: तरीही टायरचाच संशय धरा.
- काहीच फरक नाही: टायर निर्दोष, पुढे चला.

टायरच्या भिंतीवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर डाव्या-उजव्याची अदलाबदल करू नका. त्याऐवजी त्याच बाजूचं पुढचं चाक मागे आणि मागचं पुढे लावून पाहा. दोषी टायर मागे गेला की ओढ बहुतेक नाहीशी होते. टायर नवा असेल तर बिल घेऊन विक्रेत्याकडे जा आणि त्याला ही अदलाबदल करून दाखवा.

जॅक लावताना एक काळजी घ्या. पावसाळ्यात अंगणातली माती मऊ असते, जॅकखाली जाड फळी घाला. उचललेली गाडी चिऱ्यांवर (जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांवर) टेकवून तिच्याखाली हात घालू नका. चिरा दिसायला भक्कम, पण धातूच्या कडेचा भार एका ठिकाणी आला की चुरा होतो. ॲक्सल स्टँडच वापरा आणि जमिनीवरच्या चाकांना पाचर लावा.

5. ब्रेक चिकटलाय का?

ब्रेक न दाबताही गाडी ओढत असेल आणि टायर ठीक असतील, तर एखाद्या चाकाचा ब्रेक पूर्ण सुटत नसेल. अशी गाडी चिकटलेल्या चाकाकडे ओढते, मायलेज घटतं आणि त्या चाकावर काळी पूड जास्त जमते.

दहा-पंधरा मिनिटं, ब्रेक कमीत कमी वापरत, गाडी चालवा आणि ॲक्सिलरेटर सोडून हळूच थांबवा. थर्मामीटरने दोन्ही पुढच्या डिस्क मोजा. थोडा फरक चालतो. एका डिस्कचा आकडा दुसरीच्या दुपटीला गेला तर चोर सापडला. थर्मामीटर नसेल तर रिमजवळ तळहात नेऊन धग पाहा, पण डिस्कला हात लावू नका, भाजेल. जळका वास किंवा धूर येत असेल तर गाडी पुढे नेऊ नका. ब्रेक ऑइल उकळलं तर पेडल दाबूनही ब्रेक लागणार नाही. अशी गाडी चोर्ला किंवा अनमोड घाटात घालणं जिवावरचं आहे.

आता ते चाक उचला, गिअर न्यूट्रलला ठेवा आणि हाताने फिरवा. पॅड हलका घासल्याचा आवाज चालतो, चाक अडणं चालत नाही. अडत असेल तर कॅलिपरवरचा ब्लीड निपल (ब्रेक ऑइल सोडायची छोटी तोटी), त्याला पारदर्शक नळी लावून, जरासा सैल करा. हे काम अनुभवी माणसाबरोबर करा.

- निपल उघडताच चाक मोकळं झालं: दाब आत अडकून राहतो आहे. ब्रेकची रबरी नळी आतून फुगून बंद झाली असेल, किंवा मास्टर सिलिंडरमध्ये (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणाऱ्या भागात) दोष असेल. बाहेरून धडधाकट दिसणारी नळीही आतून गेलेली असते.
- निपल उघडूनही चाक अडलेलंच: पिस्टन, स्लाइड पिन किंवा पॅडच गंजून बसले आहेत.

गोव्यातल्या गाड्यांत सगळ्यात आधी संशय स्लाइड पिनवर घ्या. कॅलिपर ज्या दोन पिनांवर मागेपुढे सरकतो त्यांच्या रबरी टोप्या फाटल्या की पाणी आत जातं आणि पिन गंजतात. खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचला. पूर्ण सुटा केला तर तारेने बांधून ठेवा, रबरी नळीवर लोंबकळू देऊ नका. पिन दोन बोटांनी सरकल्या पाहिजेत. जुनं ग्रीस पुसून ब्रेक क्लीनरने धुवा, वाळू द्या, आणि ब्रेकसाठीच्या सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर लावा. बेअरिंगचं साधं ग्रीस इथे कधीच वापरू नका, त्याने रबर फुगतं आणि महिन्याभरात पिन पुन्हा अडकते. अनेक ठिकाणी नेमकं हेच केलं जातं, म्हणून समोर उभं राहून पाहा. टोप्या फाटलेल्या असतील तर त्यांचा किट बदला. पॅडचे कान कॅलिपरच्या चौकटीत ज्या खाचेत बसतात तिथला गंजही ब्रशने काढा. पिस्टनच गंजला असेल तर सील किट किंवा अख्खा कॅलिपर. पॅड बदलायचे झाले तर दोन्ही चाकांचे एकदम.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. इथल्या दमट हवेत दोन वर्षांत ते बदलायलाच हवं. नाहीतर पिस्टन आतून गंजतो. डॉट 3 की डॉट 4 ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं.

घरचं माणूस बोटीवर किंवा परदेशात असल्याने महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाड्यांत मागच्या ड्रम ब्रेकचा लायनर (ड्रमवर घासणारी पट्टी) ड्रमलाच चिकटतो. गाडी जास्त दिवस ठेवायची असेल तर सपाट जागी गिअरमध्ये ठेवा, चाकांना पाचर लावा आणि हँडब्रेक सोडून ठेवा.

6. फक्त ब्रेक दाबताना ओढते

इथे बाजू उलटी होते आणि गोंधळही इथेच होतो. ब्रेक दाबल्यावर गाडी उजवीकडे जात असेल तर उजवा ब्रेक नीट धरतो आहे आणि डावा कमी धरतो आहे. म्हणून आधी डावं चाक उघडा. पिन अडकलेली, पिस्टन जड झालेला किंवा पॅडवर ग्रीस उडालेलं असू शकतं. ड्राइव्ह शाफ्टचं रबरी बूट फाटलं की आतलं ग्रीस फिरत्या चाकाबरोबर पॅडवर येतं. तेलकट पॅड धुऊन पुन्हा लावू नका.

पाण्यातून गाडी काढल्यावर पहिल्या एक-दोन ब्रेकना ओढ लागली आणि मग गेली तर काळजी नको. पेडल हलकं दाबत थोडं अंतर चला, ब्रेक वाळतात. दोन्ही ब्रेक ठीक असूनही ओढ राहिली तर लोअर आर्मचं मागचं बुश पाहा. ते फाटलं की ब्रेक लागताच चाक मागे सरकतं.

7. सांधे आणि बुश हलवून पाहा

चाक उचलून घड्याळातल्या 3 आणि 9 च्या जागी धरा आणि आतबाहेर हलवा. खुळखुळ लागली तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा चाकाजवळचा सांधा). 12 आणि 6 ला धरून लागली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (लोअर आर्मचा चाकाकडचा सांधा). मग दोन्ही पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग हळू फिरवा. कुठे अडकल्यासारखं किंवा टप्प्याटप्प्याने सरकल्यासारखं वाटलं तर तो सांधा शोधा. स्टिअरिंगच्या दांड्याचा खालचा जॉइंट खाऱ्या हवेत गंजून जड होतो, आणि तो वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाही.

सपाट जागी प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. पुढच्या डाव्या-उजव्यात एक सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर स्प्रिंग बसली किंवा तुटली आहे का ते बघा. ढिले भाग बदलल्याशिवाय अलाइनमेंट करणं म्हणजे पैसे वाया.

8. आता अलाइनमेंट, पण कागद मागून

दुरुस्तीच्या आधीचा आणि नंतरचा, दोन्ही छापील कागद मागा. यंत्रावर चढवण्याआधी चारही टायरांत योग्य हवा आणि डिकीत जादा वजन नको. मग तीन कोन वाचा.

- कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा भाग किती आत किंवा बाहेर कललेला आहे. बाहेर कललेला तो धन, आत कललेला तो उणे. ज्या बाजूचा कॅम्बर जास्त धन, तिकडे गाडी ओढते.
- कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगचा अक्ष (पुढचं चाक ज्या रेषेभोवती वळतं ती) किती मागे झुकलेला आहे. ज्या बाजूचा कॅस्टर कमी, तिकडे ओढते.
- टो, म्हणजे चाकं पुढून एकमेकांकडे वळलेली आहेत की बाहेर. पुढचा टो चुकला की टायर झिजतात, स्टिअरिंग तिरकं होतं, पण सहसा ओढ लागत नाही.

कॅम्बर आणि कॅस्टरमध्ये डाव्या-उजव्याचा फरक अर्ध्या अंशाच्या आत असावा. काही यंत्रं दशांशात आणि काही मिनिटांत छापतात. अर्धा अंश म्हणजे 30 मिनिटं, तेव्हा 0.30 चा अर्थ काय ते विचारून घ्या.

समजा डावा कॅम्बर उणे 10 मिनिटं आणि उजवा उणे 1 अंश 10 मिनिटं आहे. फरक एक अंशाचा, आणि डावा जास्त धन, म्हणून गाडी डावीकडे ओढणार. वाकलेला भाग मात्र बहुधा उजवीकडे आहे. खड्ड्यात चाक आपटून शॉकअब्सॉर्बर वाकला की चाकाचा माथा आत जातो आणि गाडी विरुद्ध बाजूला ओढू लागते. त्याच धक्क्याने लोअर आर्म वाकून चाक मागे सरकलं तर कॅस्टर कमी होतो आणि गाडी आपटलेल्या बाजूला ओढते. म्हणून नुसत्या ओढीच्या दिशेवरून भाग मागवू नका.

आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत फक्त पुढचा टो कमीजास्त करता येतो. कॅम्बर आणि कॅस्टर कारखान्यातच ठरलेले असतात. ते चुकलेत याचा अर्थ काहीतरी वाकलं, झिजलं किंवा सरकलं आहे. काही दुकानांत हायड्रॉलिक साधन लावून शॉकअब्सॉर्बर किंवा नकल (चाकाचं बेअरिंग धरणारा भाग) वाकवतात आणि कॅम्बर आकड्यात बसवतात. हे करू देऊ नका. वाकलेलं लोखंड परत वाकवलं की कमजोर होतं, आणि हा भाग चाक धरून ठेवणारा आहे. शॉकअब्सॉर्बर ज्या बोल्टांनी नकलला जोडलेला असतो ते सैल करून तिथल्या फटीपुरतं सरकवून घेणं मात्र योग्य आहे. तेवढ्याने भागत नसेल तर भाग बदला, किंवा सबफ्रेम (लोअर आर्म जिला जोडलेले असतात ती चौकट) सरकली आहे का ते तपासून घ्या.

इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग असेल तर शेवटी स्टिअरिंग सेन्सरचा शून्य सेट करावा लागतो का ते विचारा. काही गाड्यांत तो राहिला तर मोटरच स्टिअरिंगला एका बाजूला ढकलत राहते.

9. भाड्याची गाडी, जुनी गाडी आणि विमा

काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची भाड्याची गाडी घेतली असेल तर हवा तपासण्यापलीकडे काही उघडू नका. ताब्यात घेतानाच थोडी चालवा आणि ओढ असेल तर मालकाला तेव्हाच, लेखी संदेशाने कळवा.

जुनी गाडी घेताना विक्रेत्याच्या खर्चाने नाही झालं तर स्वतःच्या खर्चाने अलाइनमेंटचा कागद काढा. कॅम्बरमध्ये मोठा फरक दिसला तर गाडी आपटलेली आहे असं धरून, चेसिस तपासल्याशिवाय सौदा करू नका.

खड्ड्यात जोरात आपटून भाग वाकला असेल आणि सर्वंकष विमा असेल तर उघडण्याआधी खड्ड्याचे आणि चाकाचे फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, पाहणी होऊ द्या. नेहमीच्या पॉलिसीत नुसता टायर गेला तर भरपाई मिळत नाही. गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायरच्या किमतीचे 50 टक्के मिळतात.

10. काम झाल्यावर

चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, पुस्तिकेतल्या टॉर्कला आवळा. लहान गाड्यांना तो साधारण 85 ते 110 न्यूटन मीटर असतो. ब्रेकचं काम झालं असेल तर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा. मग तोच रस्ता, तीच सकाळची वेळ, तीच हवा ठेवून चाचणी घ्या. 50 ते 100 किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा तपासा आणि अलाइनमेंटचा नवा कागद गाडीच्या पुस्तिकेत ठेवा.